आधी नाशिकला फोन, मग नाटकाचं वाचन

युटातल्या लीहायच्या ताई,

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. खरा प्रश्न मात्र एका भलत्याच वाक्यात आहे आणि त्याच्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्हसुद्धा टाकलेलं नाही. तुम्ही लिहिता, "मुलगा सत्तावीसचा. दोन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं की तो गे आहे. गेल्या महिन्यात एका मॉर्मन माणसाच्या एकपात्री नाटकाचं पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, आधी हे वाचा, मग बोलू. आपला त्या लोकांशी काय संबंध? ह्यांनी तर हातही लावला नाही." पुढे आजींचं येणं, मंडळातली माणसं, धाकटीची मैत्रीण. आणि या सगळ्याच्या मध्ये, जाता जाता, "नाशिकचं एक स्थळ चालून आलंय. मुलगी समजूतदार आहे. एकदा लग्न झालं की सगळं मार्गी लागेल असं ह्यांना वाटतं."

ताई, मी या वाक्यावरच बोलणार आहे. तुमच्या मुलाने ते पुस्तक नेमकं याचसाठी टेबलावर ठेवलं असणार.

नाटकाचं नाव 'कन्फेशन्स ऑफ अ मॉर्मन बॉय', लेखक आणि नट स्टीव्हन फेल्स. पहिला प्रयोग 2001 साली सॉल्ट लेक सिटीत झाला, म्हणजे तुमच्यापासून पाऊण तासाच्या आत. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिंज महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि 2006 मध्ये ते सोहो प्लेहाउसला ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे तिथल्या छोट्या व्यावसायिक रंगभूमीवर, लागलं. दिग्दर्शक जॅक हॉफसिस. एकपात्री म्हटलं की आपल्याला लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवतं, एकच माणूस अख्खं वऱ्हाड उभं करतो. इथे मात्र नट स्वतःचंच आयुष्य मांडतो, आणि प्रेक्षकांमध्ये त्याच्याच गावची, त्याच्याच चर्चची माणसं बसलेली असू शकतात हे त्याला माहीत असतं.

फेल्स सहाव्या पिढीचा मॉर्मन, म्हणजे युटात मूळ धरलेल्या त्या कडक ख्रिस्ती पंथाचा. पोर्तुगालमध्ये मिशन करून आलेला. मिशन काय असतं ते लीहायमध्ये राहून मी तुम्हाला सांगायला नको. पांढरा शर्ट, काळी नावाची पट्टी, जोडीदार चोवीस तास सोबत, मुलांसाठी धर्मप्रसाराची दोन वर्षं. आता ती मुलं दर आठवड्याला घरी फोन करू शकतात, पण ही मुभा 2019 पासूनची. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे, एवढेच फोन. घराण्याची इभ्रत खांद्यावर घेऊन एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा परमुलखात जातो आणि मनातली गोष्ट सांगायला त्याला कोणीच नसतं. आता सांगा, आपला काय संबंध? आपल्या मुलांच्या खांद्यावर मिशन नसतं, पण आई-बाबांनी देश सोडला त्याचं चीज करायचं ओझं असतंच.

फेल्सने बदलण्यासाठी सगळं केलं. प्रार्थना केल्या, 'बरं' करणारे उपचार घेतले, चर्चच्या टेंपलमध्ये लग्न केलं, दोन मुलं झाली. त्याची पत्नी ही कॅरोल लिन पिअरसन या नावाजलेल्या मॉर्मन कवयित्रीची मुलगी. या कवयित्रीचा नवरा जेराल्ड समलिंगी होता. लग्नाने सुटेल या भरवशावर तेही लग्न झालं होतं. चार मुलं झाली, घटस्फोट झाला, आणि 1984 मध्ये जेराल्ड एड्सने गेला. त्याची अखेरची शुश्रूषा तिनेच आपल्या घरी केली. या घरातली मुलगी, वडिलांची सगळी हकीकत माहीत असलेली, तिच्याही वाट्याला तेच लग्न आलं. जुन्या अनुभवाने, प्रेमाने, धर्माने, कशानेच ते तगलं नाही. सन 2000 मध्ये चर्चने फेल्सला बाहेर काढलं आणि संसारही मोडला.

हे चर्च या बाबतीत किती कडक आहे ते तुम्ही रोज बघता. पण त्याच चर्चच्या अध्यक्षमंडळातल्या गॉर्डन हिंकली यांनी 1987 साली भर अधिवेशनात सांगितलं की समलिंगी ओढीवर उपाय म्हणून लग्नाकडे बघू नये. ज्यांना समलिंगी संबंध आजही पाप वाटतात, त्यांनासुद्धा हे कळून चुकलं होतं. आणि आपण अजून पत्रिका जुळवतोय? रागावू नका, पण रागावण्यासारखंच आहे हे.

आता नाशिकच्या मुलीचं बघा, कारण तुमच्या पत्रात ती फक्त 'समजूतदार' एवढीच आहे. तुमचा मुलगा अमेरिकेचा नागरिक. लग्न ताजं असताना ती इथे आली तर तिला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळेल. त्याची मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत, अट काढून टाकण्यासाठी आय-751 हा अर्ज दोघांच्या सह्यांनी द्यावा लागतो. तोवर घर मोडलं असेल तर तिला एकटीने सवलतीचा अर्ज करून, लग्न खऱ्या हेतूने केलं होतं हे कागदोपत्री दाखवावं लागतं: एकत्र बँक खातं, घराचा करार, टॅक्स, फोटो. लीहायसारख्या गावात गाडी, नोकरी आणि माहेर नसलेली मुलगी हे कुठून गोळा करणार? माझ्या आतेबहिणीच्या सुनेवर ही वेळ आली होती, म्हणून इतकं ठासून सांगते. आणि लग्न भारतात लावलंत तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली म्हणून ती लग्न रद्द करून मागू शकते. मात्र खरं कळल्यापासून एका वर्षाच्या आत. मुलगी बिचारी ते वर्ष 'होईल ठीक' म्हणत काढते आणि मुदत निघून जाते.

तेव्हा रविवारी रात्री नऊला फोन लावा. तिथे सोमवारची सकाळ असते, माणसं शांत असतात. मुलीच्या वडिलांशी तुमच्या ह्यांनीच बोलावं, मध्यस्थामार्फत नको. "आमच्या मुलाला लग्न करायचं नाही, तुमचा वेळ घेतला, माफ करा," बस्स. पत्रिकेचं, नोकरीचं, 'सध्या नको'चं कारण देऊ नका. 'सध्या' म्हटलं की सहा महिन्यांनी पुन्हा फोन येतो. मुलगा गे आहे हेही सांगू नका, ते सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं. मग विवाहसंस्थेच्या साइटवरचं प्रोफाइल बंद करा, नुसतं लपवून ठेवू नका. ज्या ज्या मावशी-आत्याकडे बायोडेटा गेलाय त्यांना एकाच वेळी एकच निरोप पाठवा. एकीला आधी आणि दुसरीला नंतर कळलं की तर्क सुरू होतात.

यानंतर मुलाला सांगा, "नाशिकला नकार कळवला." हे वाक्य त्याच्या कानावर पडल्याशिवाय पुस्तकावरच्या चर्चेला अर्थ नाही.

आता वाचन. नाटक बोलण्यासाठी लिहिलेलं असतं, म्हणून मनात वाचू नका. दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचा, एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून. धाकटी घरात नसेल अशी संध्याकाळ निवडा, कारण भाषा मोकळी आहे. चर्चचे शब्द अडले तर थांबू नका, संदर्भाने कळतात. न्यूयॉर्कचा भाग येईल तेव्हा तुमचे हे पुस्तक मिटतील. तिथे तो पैसे घेऊन शरीर विकतो, नशेत सापडतो. "बघ, शेवटी हेच होतं यांचं," असं त्यांच्या तोंडून येणार, मला ठाऊक आहे. तेव्हा चार पानं मागे जा आणि वाचा त्याआधी काय काय गेलं ते: चर्च, बायको, रोज डोळ्यांसमोर असणारी मुलं, सगळं एकापाठोपाठ. समलिंगी असण्याने तो त्या रस्त्याला लागला नाही, एकटा पडल्याने लागला. आणि तिथून परत फिरतो तो स्वतःच्या मुलांचा बाप म्हणून. वाचून झाल्यावर मुलाला "तूही असं काही करतोस का?" हे विचारायचं नाही. "यातलं तुला कुठलं पान आपलं वाटलं?" हे विचारा आणि मग गप्प बसा. तो दहा मिनिटं बोलला नाही तरी तुम्ही बोलू नका.

बाकीचं थोडक्यात. ह्यांनी पुण्यातल्या कुठल्या डॉक्टरचा नंबर काढलाय तो फाडून टाका. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या 'उपचारां'ना डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. ह्यांना माणसांशी बोलायचंच असेल तर देसी रेनबो पेरेंट्स या संस्थेकडे आपल्यासारखेच आई-बाप भेटतील. मुंबईला गेलात तर 'स्वीकार' हा पालकांचा गट आहे. मंडळात कोणालाही काही सांगायची गरज नाही. कोणी लग्नाचं विचारलं तर "त्याचं तो बघेल" म्हणा आणि पुढच्या पानात पुरी वाढा. आजींना सांगायचं की नाही ते मुलगा ठरवेल, आणि म्हाताऱ्या माणसांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कळतं. धाकटीची मैत्रीण तिला चर्चच्या कार्यक्रमाला नेते त्याची काळजी नको, जाऊ द्या, पण कुठल्याही कागदावर तुम्हाला विचारल्याशिवाय सही करायची नाही एवढं बजावा.

फोन झाला की दोन ओळी कळवा. ह्यांनी केला की तुम्ही, तेही लिहा.