एडेलच्या पायवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा शेफील्डला नोकरी करतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेल्यावर डर्बीशायरमधील एडेल या खेड्याभोवती चालण्याचा आमचा विचार आहे. नकाशावर पाहिले, तर तेथील बऱ्याच वाटा शेतांमधून आणि कुरणांमधून जातात. परक्याच्या जमिनीतून असे जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. परवानगी कोणाकडे मागावी?

उत्तर : आपला संकोच सौजन्याचा आहे, परंतु परवानगी मागण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाट ही कायद्याच्या दृष्टीने रस्त्याइतकीच सार्वजनिक असते. जमीन शेतकऱ्याचीच राहते, मात्र तिच्यावरील त्या ठरावीक वाटेने चालत जाण्याचा हक्क सर्वांचा असतो, मग चालणारा त्या गावचा असो वा परदेशातून आलेला पाहुणा असो. वाटेत क्षणभर थांबणे, छायाचित्र काढणे, बाजूला बसून डबा खाणे हेही त्या हक्कात येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर आहे. 1949 च्या कायद्याने आपापल्या हद्दीतील वाटा अधिकृत नकाशावर नोंदवण्याची जबाबदारी कौंटी कौन्सिलांवर टाकली, आणि त्या नकाशातील नोंद हा वाटेच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा मानला जातो. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी नांगरल्यावर साधारणपणे 14 दिवसांच्या आत ती किमान 1 मीटर रुंदीची आणि सहज ओळखू येईल अशी पुन्हा करून देणे त्याला बंधनकारक आहे. वाट कोणी अडवलेली दिसल्यास वाद घालू नये. कौंटी कौन्सिलला कळवावे, कारण ती मोकळी राखणे हे कौन्सिलचे काम आहे.

वाटेवरील खुणाही ध्यानात ठेवाव्यात. पिवळा बाण म्हणजे केवळ पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे जिच्यावरून घोडेस्वार आणि सायकलस्वारही जाऊ शकतात अशी वाट. कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी किंवा दगडी पायऱ्या, नाहीतर एका वेळी एकच माणूस जाईल असे फिरते फाटक असते. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवून पुढे जायचे, एवढा नियम कटाक्षाने पाळावा.

एडेलला या हक्काचा इतिहास अगदी जवळ आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गावाच्या उत्तरेला दिसणारे किंडर स्काउटचे पठार विसाव्या शतकाच्या आरंभी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि सामान्य माणसाला तेथे मज्जाव होता. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या तरुणांना रविवारी मोकळ्या हवेत जायला हे डोंगरच जवळचे होते. 24 एप्रिल 1932 रोजी त्यांच्यापैकी शेकडो जण ठरवून किंडरवर चढले. त्या प्रकरणात पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. सरसकट हिंडण्याचा हक्क मात्र 2000 च्या कायद्याने मिळाला आणि तोही डोंगर, माळराने, मोकळ्या टेकड्या आणि नोंदणीकृत सामाईक जमिनी एवढ्यांपुरताच. या मर्यादेचे मला आजही वाईट वाटते. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, किंडरच्या माथ्यावर आपण वाट सोडूनही हिंडू शकता, परंतु खालच्या खोऱ्यातील कुरणांत वाट सोडायची नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेच्या नारिंगी वेष्टनातील एक्सप्लोरर नकाशावर हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी आणि मुक्त प्रवेशाची जमीन फिकट पिवळ्या छटेने दाखवलेली असते. एडेलसाठी त्या मालिकेतील ‘डार्क पीक’ हा ओएल 1 क्रमांकाचा नकाशा घ्यावा.

प्रश्न : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत. रोज सपाटीवर तासभर चालतो, पण डोंगर चढण्याची सवय नाही. एडेलहून कोणती वाट निवडावी? पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट तेथूनच सुरू होते असे ऐकतो; तो आमच्यासाठी फार अवघड आहे का?

उत्तर : पूर्ण पेनाइन वे 268 मैलांचा आहे आणि तो स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येथोमला संपतो, परंतु त्याचा आरंभीचा तुकडा आपल्यासाठीच आखल्यासारखा आहे. एडेल गावातून अपर बूथ या वस्तीपर्यंत ही वाट कुरणांतून जाते. डावीकडे खोरे आणि त्यापलीकडे मॅम टॉरपासून पसरलेली डोंगररांग दिसत राहते. अपर बूथहून बार्बर बूथमार्गे खोऱ्याच्या तळातून परत यावे. पहिल्या दिवशी एवढेच करावे, असा माझा आग्रह आहे.

पाय सरावले, तर दुसऱ्या दिवशी हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढून तेथून मॅम टॉर गाठावा. त्याची उंची 517 मीटर आहे, आणि गाव मुळातच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. खिंडीपर्यंत दम लागेल. पुढे माथ्यावर दगडी फरसबंदी वाट आहे. एका बाजूला एडेलचे आणि दुसऱ्या बाजूला कॅसलटनचे खोरे एकाच वेळी दिसते. मॅम टॉरची कॅसलटनकडील बाजू शतकानुशतके खचत आली आहे. तेथून जाणारा मोटाररस्ता वारंवार दुरुस्त करूनही टिकेना, तेव्हा 1979 मध्ये तो कायमचा बंद करावा लागला.

किंडरचा माथा 636 मीटर उंच आहे. तेथे सगळीकडे पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती आहे आणि धुके उतरले की सराईत माणूसही दिशा चुकतो. पेनाइन वे पूर्वी गावातून ग्राइंड्सब्रूकच्या ओढ्यालगत थेट वर जात असे. पावलांनी जमिनीची फार झीज झाल्यामुळे तो जेकब्स लॅडर या पायऱ्यांच्या चढावाकडून नेण्यात आला. पुढे पेनाइन वेवर अनेक ठिकाणी मोडीत निघालेल्या गिरण्यांच्या जमिनीतील फरशा आणून अंथरल्या आहेत. त्या फरश्यांवरूनच चालावे, कारण पीट तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. नकाशा आणि होकायंत्र वापरणारी अनुभवी व्यक्ती सोबत नसेल, तर किंडर यावेळी राहू द्यावा.

प्रश्न : वाटेतल्या कुरणात गाईगुरे असली तर काय करावे? आमच्यासोबत मुलाचा कुत्राही असेल.

उत्तर : बैलाची भीती सगळ्यांना वाटते, पण कायद्याने दहा महिन्यांहून मोठा, दुधाळ जातीचा वळू सार्वजनिक वाट जाणाऱ्या कुरणात ठेवता येत नाही, अन्य जातींचा वळू गाईंसोबत असेल तरच ठेवता येतो. खरी काळजी घ्यायची ती वासरे असलेल्या गाईंजवळ, विशेषतः कुत्रा बरोबर असताना. त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नये, शांतपणे लांबून वळसा घ्यावा. गाई अंगावर आल्याच तर कुत्र्याची साखळी सोडून द्यावी. कुत्रा पळून स्वतःला वाचवतो, आणि त्याला धरून ठेवणाराच जखमी होतो. एरवी मेंढ्यांजवळ कुत्रा बांधलेलाच हवा. मुक्त प्रवेशाच्या जमिनीवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात 2 मीटरपेक्षा लांब नसलेली साखळी सक्तीची आहे, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. आपला मे महिना नेमका त्यातच येतो.

प्रश्न : वेळेचा अंदाज कसा बांधावा आणि अडचण आल्यास मदत कशी मिळते?

उत्तर : विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो : दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 300 मीटर चढाला आणखी अर्धा तास. आपण त्यात विश्रांतीसाठी निम्मा वेळ वाढवून धरावा. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करू नये. पाऊस अडवणारे जाकीट आणि चांगल्या पकडीचे बूट आकाश निरभ्र असले तरी हवेतच. शेफील्डहून रेल्वे थेट एडेलला येते. परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी टिपून ठेवाव्यात.

अपघात झाल्यास 999 वर फोन करून पोलीस आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातील बचाव पथक, मागावे. हे पथक स्वयंसेवकांचे असून त्याचे शुल्क नसते. खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तिथला सिमकार्ड असलेल्या फोनवरून निघण्यापूर्वीच 999 या क्रमांकाला ‘रजिस्टर’ असा इंग्रजी शब्द लिहून संदेश पाठवावा आणि उत्तरात येणाऱ्या सूचनेनुसार नोंदणी पूर्ण करावी, म्हणजे आवाज पोहोचत नसला तरी लेखी संदेशाने मदत मागता येते.