लिग्निनच्या कामाला लागण्यापूर्वी

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

उसाच्या चिपाडातील लिग्निनपासून, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या द्रव्यापासून, जिवाणूंकरवी म्यूकॉनिक आम्ल (नायलॉनच्या कच्च्या मालात बदलता येणारे) मिळवण्याचा तुझा आराखडा वाचला. स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूची कोणती जनुके काढायची आणि कोणती घालायची, हे तू बारकाईने लिहिले आहेस. लिग्निन मात्र कोणत्या प्रक्रियेतून बाहेर पडलेले असेल, याला त्यात एकच ओळ मिळाली आहे. माझ्या मते सुरुवात त्या ओळीपासून व्हावी.

कागद कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजून निघालेले लिग्निन झाडातल्या लिग्निनसारखे राहत नाही. त्यातले घटक एकमेकांना जोडणारे बीटा-ओ-४ हे ईथर बंध बहुतांशी तुटलेले असतात, त्यांच्या जागी कार्बन-कार्बनचे चिवट बंध तयार झालेले असतात आणि गंधकही शिरलेले असते. स्फिंगोबियम एसवायके-६ या जिवाणूची ईथर तोडणारी विकरे (एन्झाइम) कितीही कुशल असली, तरी तोडायला बंधच उरले नसतील तर ती काय करणार? चिपाडाची गोष्ट वेगळी आहे. गवतवर्गीय वनस्पतींत पॅरा-कुमारिक आणि फेरुलिक आम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात व ती सौम्य अल्कलीनेही सुटतात. पुटिडा ती सहज खातो. हा तुझा मोठा फायदा आहे; परंतु एवढ्यावरून ‘लिग्निनचे विघटन झाले’ असे लिहू नकोस, कारण मूळ सांगाडा तेव्हा बराचसा जागच्या जागी असतो.

लिग्निन तोडण्यासाठी घेतलेल्या लॅकेस या विकराविषयी तू फारच आशावादी आहेस. रोगण (लॅकर) देणाऱ्या झाडाच्या चिकात 1883 मध्ये योशिदा यांना हे विकर प्रथम आढळले, आणि त्या चिकाला घट्ट करणे हेच तिथे त्याचे काम. लॅकेसने लिग्निनमधल्या फिनॉल घटकांतून एक इलेक्ट्रॉन काढला की तयार होणारे मुक्त मूलक (अतिक्रियाशील रेणू) एकमेकांना जोडले जाऊ शकतात. म्हणून तुझ्या परीक्षानळीत रेणू लहान होण्याऐवजी मोठेही होतील. रंग बदलला, एवढा पुरावा पुरेसा नाही. रेणुभाराचे मापन हवे आणि शेजारी उकळून निष्प्रभ केलेल्या विकराचा नमुनाही हवा.

आता जिवाणूकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील गटाने 2015 मध्ये दाखवलेली वाट तू धरली आहेस: लिग्निनच्या तुकड्यांपासून बनणाऱ्या प्रोटोकॅटेच्युइक आम्लाचे कॅटेकॉल, कॅटेकॉलचे म्यूकॉनिक आम्ल, आणि पुढे हायड्रोजन जोडून नायलॉनसाठीचे अ‍ॅडिपिक आम्ल. पण म्यूकॉनिक आम्ल साठावे म्हणून पुढचा रस्ता बंद केला की, जिवाणूला लिग्निनपासून आलेल्या त्या अ‍ॅरोमॅटिक (वलयी) संयुगांवर वाढताच येत नाही आणि त्याला ग्लुकोज द्यावे लागते. ते ग्लुकोज ताळेबंदात कुठेच दिसत नाही, असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत.

आणखी एक हिशोब आहे. साखर कारखाना चिपाड फेकून देत नाही. ते बॉयलरमध्ये जळते, त्यावर वाफ आणि वीज मिळते. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा पानिपतचा प्रकल्प वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढा वापरण्याच्या क्षमतेने उभारलेला आहे. तशा प्रकल्पांतही लिग्निनयुक्त उरलेला भाग इंधन म्हणून उपयोगी पडतो. तेव्हा तुझा कच्चा माल फुकट नाही, आणि तुझ्या आम्लाची किंमत त्या वाफेच्या किमतीवर ठरेल.

पुढच्या भेटीला येताना जनुकांचा नकाशा आणू नकोस. 100 ग्रॅम कोरड्या चिपाडातून किती लिग्निन निघाले, किती आम्ले सुटली, किती अवशेष उरला, एवढे आकडे आण. बेरीज 100 च्या आसपास आली, तर जनुकांवर बसून बोलू.

तुझा,
मार्गदर्शक