खुरटलेल्या पिवळ्या धोतऱ्याला चारच पाकळ्या: ही वेगळी जात का?

मुरमाड माळावर जेमतेम वीतभर वाढलेलं पिवळ्या धोतऱ्याचं रोप तुम्हाला दिसलं आणि त्याच्या फुलाला सहाऐवजी चारच पाकळ्या होत्या. नुसत्या तेवढ्यावरून वेगळी जात म्हणता येणार नाही. या झाडात (नावापुरताच धोतरा, कूळ खसखशीचं) ४ ते ६ पाकळ्या चालतात.

पाकळ्यांआधी कळी बघा. कळीच्या टोकाला काटेरी शिंगं असतात, प्रत्येक निदलाचं (कळी झाकणाऱ्या हिरव्या आवरणाच्या एकेका भागाचं) एक. फूल उमलताना निदलं गळून पडतात, म्हणून ती कळीतच मोजायची. तीन शिंगं असली तर तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत सहा पाकळ्या येतात. दोनच असली तर दोन-दोन मिळून चार. म्हणजे कमी झाली ती आख्खी मांडणी. शिंगं तीन आणि पाकळ्या चार असं दिसलं, तर मात्र वाऱ्यावर किंवा किड्यांवर संशय घ्या. मग फुलाच्या मधोमध असलेल्या गडद लाल कुक्षीचे (परागकण झेलणाऱ्या टोकाचे) भाग भिंगाखाली मोजा, म्हणजे मांडणी तिथेही आक्रसली आहे का ते कळेल. फुलं संपली असली तरी हरकत नाही, सुकलेलं बोंड वरून जितक्या झडपांनी उघडतं तितकेच ते भाग. पुंकेसरांच्या नादी लागू नका. ते भरपूर असतात आणि फुलागणिक बदलतात.

कारण असं, की फूल घडतं ते वाढत्या टोकावरच्या इवल्याशा उंचवट्यावर, आणि तिथे प्रत्येक अवयव शेजाऱ्यापासून ठरावीक अंतर राखून उगवतो. पाणी-माती तोकडी पडली की उंचवटाच लहान राहतो. ओसरी लहान असली की पाट कमीच मांडले जातात, तसंच. पण सगळ्या झाडांत असं होत नाही. पिवळ्या तिळवणीचं रोप कितीही खुरटलं तरी पाकळ्या चारच राहतात, कमी होतात ते पुंकेसर. मोहरीच्या चार पाकळ्याही सहसा ढळत नाहीत.

एका फुलावर विसंबू नका. त्याच रोपाची आधीची-नंतरची फुलं आणि शेजारची धष्टपुष्ट रोपं ताडून बघा. खात्रीच करायची तर खुरट्या रोपाचं बी कुंडीत चांगल्या मातीत लावा. सहा पाकळ्या आल्या तर दोष माळाचा. बी मात्र मोहरीसारखंच दिसतं, तेव्हा पुडी स्वयंपाकघरापासून लांब ठेवा; १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ होऊन अंगावर सूज आणणाऱ्या ‘ड्रॉप्सी’ या आजाराची साथ पसरली होती.