शमशोनाची निवड परमेश्वराने जन्माआधीच केली होती, तर तो इतका दुर्बल का निघाला?

आपण विचारले आहे की, आईच्या उदरात असतानाच ज्याला परमेश्वराने वेगळे काढले तो इस्राएलचा बलाढ्य वीर शमशोन वारंवार मोहात कसा सापडला, आणि मग देवाची निवडच चुकली असे म्हणायचे का. बायबलमधील शास्ते या पुस्तकाचे 13 ते 16 हे अध्याय सलग वाचले, तर त्याच्या पतनाची सुरुवात त्याच्या बळाचे रहस्य शत्रूला विकणाऱ्या दलीलेच्या बरीच आधी झालेली दिसते.

बायबलमधील गणना या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात नाजीराला, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाला, तीन बंधने घातली आहेत: द्राक्षवेलीचे काहीही सेवन करायचे नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही आणि प्रेताला शिवायचे नाही. एरवी हे व्रत माणूस आपण होऊन ठरावीक काळासाठी घेत असे. शमशोनाला मात्र ते जन्मभरासाठी लाभले, आणि तेही देवदूताने त्याच्या आईला, मानोहाच्या निपुत्रिक पत्नीला, दिलेल्या वचनातून. (या बाईचे नावही नोंदलेले नाही, पण देवदूताचे दर्शन झाल्यावर ‘आता आपण मरणार’ म्हणून घाबरलेल्या नवऱ्याला धीर देणारी तीच आहे.) जे त्याने स्वतः कधी पत्करले नव्हते, ते त्याने कधी मनापासून जपलेही नाही, असे मला वाटते.

तिम्नाच्या वाटेवरचा प्रसंग पाहा. आपण मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचे मोहोळ दिसताच तो ओंजळीत मध घेऊन खात खात चालू लागतो आणि आईवडिलांनाही देतो, पण तो कोठून आणला हे सांगत नाही. अशुद्ध शवातला मध आपण खायला नको होता, हे त्याला पुरते ठाऊक होते, एवढाच त्या मौनाचा अर्थ मला लागतो. तरीही त्याच्यावर काही आपत्ती कोसळली नाही; उलट पुढे अष्कलोनात आणि लेही येथे परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आलाच, आणि गज्जातील वेश्येच्या घरून मध्यरात्री निघालेल्या याच माणसाने नगराच्या वेशीची दारे खांबांसकट उपटून डोंगरावर नेली. सामर्थ्य टिकून आहे म्हणजे देवाला आपले सारे मान्य आहे, असा समज अशाने सहज होतो.

शमशोनाच्या बळाचे रहस्य काढून घेण्यासाठी दलीलेला, इस्राएलवर सत्ता गाजवणाऱ्या पलिष्ट्यांचे सरदार प्रत्येकी चांदीचे 1100 तुकडे देणार होते, तेव्हा तिचा दोष उघडच आहे. पण प्रवचनांतून सारा ठपका तिच्या एकटीच्या माथी मारला जातो, ते मला पटत नाही. कशाने बांधले तर आपले बळ जाईल याची त्याने खोटी उत्तरे दिली, ओल्या वाद्या, कोरे दोर, मागात विणलेल्या सात बटा, असे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा ‘पलिष्टी आले’ अशी हाक त्याने तिच्याच तोंडून ऐकली होती. चौथ्या वेळी, केस कापले तर आपले बळ जाईल, हे खरे सांगताना तो फसला नव्हता, तो बेफिकीर झाला होता. केस गेल्यावरही तो म्हणतो की, पूर्वीप्रमाणेच बाहेर जाऊन मी अंग झाडीन. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हे त्याला कळलेही नाही, असे पुढचे वाक्य आहे, आणि संपूर्ण कथेत मला तेच सर्वांत भयंकर वाटते.

पलिष्ट्यांनी पकडून डोळे काढल्यावर, तुरुंगात दळण दळून झाल्यावर, त्यांचा देव दागोन याच्या मंदिरात तो प्रार्थना करतो, तीही आपल्या दोन डोळ्यांचा सूड मिळावा म्हणून. ती निर्मळ नाही, तरी ऐकली गेली. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासाच्या माणसांत त्याचे नाव आहे, ते हे सारे ठाऊक असूनच घेतलेले आहे.

निवडीबद्दल म्हणाल, तर देवदूताने पलिष्ट्यांच्या हातून इस्राएलच्या सुटकेचा केवळ आरंभ त्याच्याकडे सोपवला होता. पलिष्ट्यांची सत्ता लोकांनी इतकी अंगवळणी पाडून घेतली होती की यहूदाच्या 3000 माणसांनी शमशोनालाच बांधून त्यांच्या हवाली केले. अशा लोकांत तो एकटाच लढायला उभा राहिला. पुढचे काम संदेष्टा शमुवेल आणि राजा दावीद यांच्या वाट्याला आले.