गेजचा काटा ७६ वर का जात नाही?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या शाळेत काचेच्या हंडीत विद्युत घंटी ठेवून ध्वनीचा प्रयोग दाखवतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी झाला हे दाखवणाऱ्या गेजचा काटा ७० सेंमीवरच (पाऱ्याच्या) थांबतो आणि घंटी ऐकू येतच राहते. निर्वात पंप बदलावा का? शोभेच्या वस्तूंवर झाकतात ती स्वस्त हंडी या प्रयोगाला चालेल का?

उत्तर : पंप बदलण्याची घाई नको. ७६ सेंमी पारा हा समुद्रसपाटीचा हवेचा दाब आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. तिथे हवेचाच दाब ७१ सेंमीच्या आसपास असतो, त्यापुढे काटा जाणार कसा? साध्या गेजमध्ये सेंटिमीटरभर चूक सहज असते, म्हणून खात्री पाण्याने करा. हंडीत छोट्या वाटीत ५ मिली पाणी ठेवा. २५ अंशांचं पाणी उकळू लागलं, की आतला दाब २.४ सेंमीच्या खाली गेला. चाचणी लवकर आटपा. वाफ पंपाच्या तेलात उतरली की तेल दुधाळ होतं.

पाणी उकळलं नाही तर गळती शोधा. हंडीची कड आणि ती जिच्यावर बसते ती तबकडी कोरड्या कापडाने पुसून कडेला व्हॅक्यूम ग्रीसचा पातळ थर द्या, हंडी किंचित फिरवून बसवा. घासलेल्या कडेवर ग्रीसचं कडं सलग पारदर्शक दिसायला हवं. मध्येच पांढुरकी रेघ दिसली, तर हवा तिथूनच शिरते. बहुधा केस किंवा धुळीचा कण अडकलेला असतो.

पाणी उकळूनही घंटी ऐकू येत असेल, तर आवाज जाड तारा आणि रबरी बुचातून बाहेर येतो. बुचावर बोट टेकवा, थरथर जाणवेल. घंटी रबरबँडांवर टांगा आणि बारीक, लवचीक तारा सैल सोडा. आवाज अगदी क्षीण होतो. पूर्ण शांतता मिळेलच असं विद्यार्थ्यांना सांगू नका.

पंप थांबवण्याआधी हंडीची तोटी बंद करा, नाहीतर काही पंपांचं तेल उलटं हंडीत ओढलं जातं. हंडी उचलण्यापूर्वी हवा सावकाश आत सोडा.

शोभेची हंडी मात्र मुळीच नको. २० सेंमी व्यासाच्या तोंडावर सुमारे ३०० किलोचा भार येतो. पातळ, असमान काच आतल्या बाजूला फुटते. ओरखडा पडलेली जाड हंडीही बाद करा. प्रयोगावेळी डोळ्यांवर गॉगल आणि हंडीभोवती जाळी हवीच. शोभेची हंडी सूक्ष्मदर्शकावर धूळ बसू नये म्हणून खुशाल वापरा, पण पावसाळ्यात आत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा. कोंडलेल्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते.