जुन्या नाण्यांच्या नादाला लागताय? मग आधी एवढं बघा

पहिलंच नाणं लिडिया या प्राचीन राज्याचं हवं, ही हौस समजते. आजच्या पश्चिम तुर्कस्तानात इ.स.पू. सातव्या शतकात पाडलेली ती इलेक्ट्रमची, म्हणजे सोन्या-चांदीच्या मिश्रधातूची नाणी. एका बाजूला सिंहाचं मुंडकं, मागे चित्रच नाही, नुसता ठोक्याचा खळगा! पण ती महाग, आणि नकलाही फार. तूर्त थांबा.

सुरुवात इ.स. चौथ्या शतकातल्या रोमन कांस्य नाण्यांनी करा. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांनी ती इतकी पाडली की आजही स्वस्तात मिळतात. त्यांच्यावरची अक्षरं लावता लावता नजर तयार होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाणं घासून चमकवणं. मीही एक घासलंय, राजाचं नाकच गेलं. तो हिरवा-तपकिरी थर शतकांनी चढवलेला असतो. काढलात की किंमतही उतरते.

बाकी थोडक्यात:
- कड भिंगाखाली बघा. ठोकून पाडलेल्या नाण्याला शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, नसते; दिसली तर ओतीव नकलेचा संशय घ्या.
- पीव्हीसीची पाकिटं नकोत, धातू खराब होतो.
- नाणं कुठून आलं ते विचारा, पावती जपा. विक्रेता उत्तर टाळत असेल तर सरळ निघा.

वजनमापं आणि ठशांचा अभ्यास पुढे बघू.