पुरातत्त्वाची पदवी नाही, तरी डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानाला जाऊ का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वावर व्याख्यान आहे, 'सर्वांसाठी खुले' असं सूचनेत लिहिलंय, पण तुम्ही बी.कॉम., भाषण इंग्रजीत. गेलं तर काही कळेल का, कुणी हटकेल का, ही धाकधूक. शिवाय जुन्नरकडे सासरच्या शेतात नांगरताना खापरं निघतात, ती सोबत न्यावीत का?

जा, नक्की जा. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, इतिहास शाळेत शिकलो तेवढाच. गेली पंधराएक वर्षं अशा व्याख्यानांना जातोय, 'तुम्ही कोण' असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

आधी पत्ता, कारण नवीन माणूस हमखास चुकतो. डेक्कन कॉलेज डेक्कन जिमखान्यावर नाही, ते येरवड्याच्या बाजूला आहे. 1821 साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या संस्थेचा इतिहास मोजतात. 1939 मध्ये ती संशोधन संस्था म्हणून नव्यानं उभी राहिली, त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे आले आणि पुरातत्त्व विभाग घडला. आवारात विभागाचं संग्रहालय आहे. व्याख्यानाच्या आधी एखाद्या दिवशी ते बघून या, वेळ मात्र फोन करून विचारा. जोर्वे भांडं, म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं मातीचं भांडं, एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असलं की पडद्यावरची चित्रं परकी वाटत नाहीत. लाल अंगावर काळी नक्षी, तोटीचं भांडं, आणि भाजणी इतकी पक्की की खापराला टिचकी मारली तर खण्‌ आवाज येतो. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं.

सूचनेत 'व्याख्यान' आहे की 'सेमिनार' ते मात्र नीट वाचा. व्याख्यान आपल्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेलं असतं. विभागातल्या सेमिनारमध्ये बहुधा संशोधक विद्यार्थी आपलं अर्धंमुर्धं काम शिक्षकांपुढे मांडतात. तिथे बसू का, असं आधी विचारावं; होकार मिळाला तर मागच्या रांगेत शांत बसावं. परिषदांना नोंदणी आणि शुल्क असतं. पीएचडीची मौखिक परीक्षाही बऱ्याचदा खुली असते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं, कारण परीक्षक एकेका विधानाचा आधार मागतात.

मी पहिल्यांदा गेलो तो इनामगावच्या विषयाला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन चाललं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर, त्याला धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष पुरलेला. इतर प्रौढांचे पाय पुरताना घोट्याखाली तोडलेले सापडतात, याचे शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष.

हे सगळं मी तोंडात बोट घालून ऐकत होतो, पण खरा जागा झालो तो पाटाचं चित्र आल्यावर. पुराचं पाणी वळवायला घातलेला दगडमातीचा बांध आणि त्यालगत पाट, तीन हजार वर्षांपूर्वीचा! माझी उभी नोकरी पाटावर गेलेली. व्याख्यान संपल्यावर भीतभीत विचारलं, पाटाच्या तळाचा उतार मोजलाय का, गाळ कुठे साचला होता? वक्त्यांनी मलाच बाजूला घेतलं आणि आमच्याकडे चारी काढताना उतार कसा ठरवतात ते वहीत लिहून घेतलं. म्हणून सांगतो, बी.कॉम. आहे म्हणून मागे राहू नका. कोठार किती मोठं, त्यात किती माणसांचं वर्षाचं धान्य मावेल, ते कुणाच्या ताब्यात असेल, हा हिशेबाचाच प्रश्न आहे.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका. प्रश्न मराठीत विचारा, पुण्यात उत्तरही मराठीत मिळतं. अडतं ते दोनचार शब्दांपाशी. 'बीपी' म्हणजे आजपासून मागे मोजलेली वर्षं, आणि हा 'आज' 1950 साल धरलेला असतो. म्हणजे 3000 बीपी हे इसवी सनापूर्वी 3000 नव्हे. पहिल्या वर्षी माझा इथेच गोंधळ व्हायचा. शिवाय कार्बन पद्धतीनं, म्हणजे जुन्या कोळशातल्या किंवा धान्यातल्या कार्बनवरून वय काढून, आलेला आकडा जसाच्या तसा सनावळीत बसत नाही, तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. म्हणून तारीख ऐकली की ती दुरुस्त केलेली आहे का, हे जरूर विचारा.

तुमच्या जुन्नर तालुक्यातलंच उदाहरण देतो. कुकडीकाठच्या बोरीला नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीची नाही. सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, इतक्या लांबून उडून आलेली, असं अभ्यासक सांगतात. राखेसोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली, त्यामुळे राखेचं वय कळलं तर हत्यारांच्या वयाचा अंदाज लागतो. आता आकडे पाहा. एका मापनात वय आलं सुमारे 14 लाख वर्षं. पुढच्या मापनात 6 लाख 70 हजार. तर दुसऱ्या गटानं राखेचं रसायन तपासून सांगितलं, ही टोबाच्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची, म्हणजे जेमतेम 75 हजार वर्षांची. आकड्यांत इतका फरक का? टोबाचे मोठे उद्रेक एकाहून जास्त, आणि पाण्यानं वाहून साचलेल्या राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले तर वय फुगतं.

बातमीत यातला एकच आकडा छापून येतो. सभागृहात मात्र नमुना कुठून घेतला, हत्यारं राखेच्या नेमकी खाली होती की नदीनं तिथे आणून टाकलेली, यावर समोरासमोर वाद होतो, आणि आपण तो ऐकू शकतो. म्हणून भाषण संपलं की उठू नका. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत थांबा, आणि एकच प्रश्न विचारायचा असेल तर 'हे कुठल्या थरात मिळालं?' हा विचारा.

आता तुमची खापरं. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी, हे तुमच्या सासूबाईंना ठाऊक असेल. शेतात कुठे मातीचा रंग राखाडी-पांढुरका आहे का, जरासा उंचवटा आहे का, ते त्यांना विचारा. पण पिशवी भरून खापरं सभागृहात नेऊ नका. एकदा एक गृहस्थ सुंदर रंगीत खापरं घेऊन आले होते. कुठली, विचारल्यावर म्हणाले, मुलांनी इकडूनतिकडून गोळा केली. वक्त्यांचा चेहरा उतरला. जागा हरवली की खापर मुकं होतं.

खापर जिथे आहे तिथेच राहू द्या, काही उकरू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, गट नंबर, विहिरीपासूनचं अंतर, नांगर किती खोल गेला होता ते लिहा, आणि व्याख्यान संपल्यावर तो कागद विभागातल्या शिक्षकांना दाखवा. नाणी किंवा धातूची मौल्यवान वस्तू निघाली तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते लेखी कळवा आणि पोच घ्या.